मूकपटातली बायको आणि किनाऱ्यावरची देवी

दारुड्या नवऱ्याची गोष्ट सिनेमाने फार लवकर उचलली. फ्रान्समध्ये फर्दिनां झेक्काने १९०२ सालीच दारूने घर कसं बुडतं ते पाच प्रवेशांत दाखवलं होतं. पण अभ्यासकांच्या तोंडी जास्त आलं ते अमेरिकेतल्या एका मूकपटाचं नाव. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'अ ड्रंकर्ड्स रिफॉर्मेशन', म्हणजे एका दारुड्याचं सुधारणं. एप्रिल १९०९ मध्ये तो लोकांपुढे आला. एका रिळाचा, पाव तासाच्या आसपास आटोपणारा. बाप झिंगून घरी येतो, आदळआपट करतो, बायको आणि लहानगी मुलगी जीव मुठीत धरून बसतात. मग मुलगी हट्ट धरते की मला नाटकाला ने. बाप नेतो. नाटक नेमकं दारूवरचं, एमिल झोलाच्या कादंबरीवरून घेतलेलं. रंगमंचावर एक दारुडा आपल्या बायकापोरांची दैना करतो आहे आणि खाली खुर्चीत बसलेला बाप ते पाहतो आहे.

इथे ग्रिफिथने जे केलं ते आजही बघत राहावंसं वाटतं. एकदा रंगमंच, एकदा बापाचा चेहरा, पुन्हा रंगमंच, पुन्हा बाप. आधी तो मजेत असतो, मग चुळबुळतो, मग मुलीला घट्ट धरतो. संवाद नाही, आवाज नाही, तरी त्याच्या मनात काय चाललं आहे ते आपल्याला कळतं. चित्रपटाचं संकलन कथा कशी सांगतं हे शिकवताना या रिळाचा दाखला अजून देतात. शेवटी घरी शेकोटीपुढे तिघं बसलेली, आणि त्या विस्तवाचा उजेड त्यांच्या तोंडावर. बायकोचं काम करणारी लिंडा आर्विड्सन ही ग्रिफिथची खरीच बायको. पुढे १९३१ साली ग्रिफिथने जो शेवटचा चित्रपट काढला, 'द स्ट्रगल', तोही दारूत बुडालेल्या नवऱ्याचाच. तोवर बोलपट आले होते. तो चित्रपट पडला आणि ग्रिफिथचं दिग्दर्शन तिथेच संपलं.

मी नवापूरची. बोईसर स्टेशनहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता बचत गटाच्या बायकांत माझा वेळ जातो. ग्रिफिथचा हा मूकपट आता कुणालाही मोफत पाहता येतो. एका संध्याकाळी मी तो समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवला. मधल्या इंग्रजी पाट्या मी वाचून सांगत होते. आपल्याकडेही मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा, तेच काम मी केलं. मासळी विकून आलेल्या बायका, काही एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या. मुलगी बापाचा हात धरून नाटकाला निघाली तेव्हा मागून हुंदका ऐकू आला. पण चित्रपट संपल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: "बाई, ती बायको काहीच कशी बोलली नाही?" मी म्हटलं, मूकपट आहे. ती म्हणाली, "तसं नव्हे. तिनं काही केलंच नाही. पोरीनं नेलं, नाटकवाल्यांनी सुधारला, ही नुसती घरी बसून राहिली." आणि दुसरी एक, जिचा नवरा दारूने गेला, तिने विचारलं, "हा दारू आणतो कुठनं? ते दुकान कुणाचं? ते तर दाखवलंच नाही."

हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून गेले नाहीत. या लेखात मी त्यांच्याच मागे जाते आहे, कारण त्यांची उत्तरं आमच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेली आहेत.

पहिल्या प्रश्नासाठी आधी नाटककार गडकऱ्यांकडे जायला हवं. ग्रिफिथच्या मूकपटानंतर दहा वर्षांनी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, सावनेरला वारले होते. त्यांचा जन्म गणदेवीचा, नवसारीजवळचा. मुंबईहून पालघर, बोईसर, डहाणू करत गुजरातेत शिरणारा जो लोहमार्ग, त्याच वाटेवर गणदेवीचा मुलूख आणि त्याच वाटेवर पुढे बडोदं. नाटकातला सुधाकर वकील असतो, कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. बालगंधर्वांनी केलेली त्याची बायको सिंधू ठिगळांचं लुगडं नेसून जात्यावर बसली की प्रेक्षागृह रडायचं. माहेरची मदत घ्यायची नाही म्हणून ती दळण दळून पोट भरते. शेवटी नवऱ्याच्या हातून मूल जातं, तिच्या डोक्यात काठी बसते, आणि मरताना ती त्याच्यावर आळ येऊ देत नाही.

नाटक मोठं आहे यात मला शंका नाही. सुधाकर जितका खरा आहे तितके खरे दारुडे मी गावात पाहिले आहेत. शपथ घेणारे, ती मनापासून घेणारे आणि आठवड्यात मोडणारे. पण सिंधूला गडकऱ्यांनी जे सोसायला लावलं ते पाहताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. तिला वाचा होती, ती वापरायला मिळाली ती नवऱ्याला वाचवण्यापुरती. मनातलं धडधडीत बोलते ती गीता, तळीरामाची बायको. गीतेला मी मानते. पण लोक घरी गेले ते सिंधूला डोळ्यांत घेऊन, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या मराठी घरांत दारुड्याच्या बायकोपुढे सिंधूच ठेवली गेली.

आता दुसरा प्रश्न. दुकान कुणाचं?

आमच्या भागात ताडी ही आधी झाडाची गोष्ट होती. किनाऱ्याला माड आणि ताड, आत वाड्यांवर शिंदी, त्याच्याही पलीकडे डोंगरात मोह. ताडीवाला कमरेला कोयता लावून चढतो, शेंड्याच्या पोयीला बांध घालतो, टोक तासतो, खाली मडकं अडकवतो. सकाळ-संध्याकाळ नवा काप. पहाटे उतरवलेला रस गोड लागतो, ऊन चढेल तसा आंबतो, दुपारपर्यंत डोक्यात जातो. वारली चित्रांत ताडावर चढलेला हा माणूस हमखास असतो. लग्नाच्या चौकाच्या आसपास, नाचणाऱ्या माणसांच्या फेऱ्याच्या वर, काडीसारखा बारीक, झाडाला बिलगलेला. ताडी ही कष्टकऱ्याची न्याहारीही होती. उन्हाळ्यात कोठी रिकामी झाली की त्या रसावर दिवस काढलेली घरं होती. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात गळतात, ती वाळवून खायचीही आणि गाळायचीही. सणाला, लग्नाला, मेलेल्या माणसाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय वारल्यांचं काही पुरं होत नाही.

इंग्रज सरकारने यात हात घातला. मुंबईचा अबकारी कायदा १८७८ चा. गावोगावी गाळणं बंद झालं. दारू गाळायची ती मोठ्या भट्ट्यांत, आमच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यासाठी आणि कुलाब्यासाठी उरणला. विकायची ती मक्तेदाराने, लिलावात बोली लावून दुकान घेतलेल्याने. ताडाच्या झाडामागे कर आधीही होता, तो चढत गेला, आणि परवान्याशिवाय पोयीला कोयता लावणं गुन्हा झाला. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल परवान्यावाचून वेचणं, बाळगणं, विकणं यावर बंदी. ज्या फुलावर आदिवासी घर दुष्काळ काढायचं ते फूल घरात सापडलं की शिपाई दारात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल पैसा अबकारीचा येत होता. इंग्रज दारूबंदीला तयार का होत नव्हते हे यातून कळतं.

मक्तेदार बरेचसे पारशी होते. हे लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण तारापूर हे पारशांचंही जुनं गाव आहे. तिथली अग्यारी विकाजी मेहरजींनी बांधली, आणि आजही चिंचणी-तारापूरच्या गल्ल्यांतून त्यांची जुनी घरं दिसतात. चिकूच्या वाड्या लावणारे, शाळांना देणग्या देणारे पारशी याच मुलखातले. पण दारूचं दुकान, सावकारी आणि जमीन या तिन्ही गोष्टी अनेक ठिकाणी एकाच माणसाच्या हातात होत्या, मग तो पारशी असो, वाणी असो की ब्राह्मण. मजुरीतला काही भाग दारूत द्यायचा, उरलेली उधारीवर द्यायची, उधारी फिटत नाही म्हणून वेठीला धरायचं. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली आणि त्याची बायको, दोघंही सावकाराच्या वाड्यावर राबायची. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा १९३९ साली छापलेला अहवाल आणि पुढे गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे दोन्ही वाचले की या व्यवस्थेचा सांगाडा दिसतो. मूकपटातल्या दारुड्याच्या हातात ग्लास येतो तो जणू हवेतून येतो. इथे तो लिलावातून, करातून, उधारीच्या वहीतून येत होता.

आपल्या मूकपटांनी सावकार पाहिलाच नाही असं मात्र नाही. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, कोल्हापूरचा. खोट्या कागदावर जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीत जातो. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांच्या गर्दीत पेंटरांनी हे काढलं याचं मोल फार आहे. दारूकडे मात्र आपला पडदा पुढे वळला तो हसतखेळत. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली, आणि त्याच वर्षी मास्टर विनायकांचा, अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रँडीची बाटली' आला. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम औषधाला म्हणून बाटली शोधत फिरतो. माझ्या वडिलांना तो चित्रपट पाठ होता. ते स्वतः प्यायचे, आणि त्या प्रसंगांची नक्कल करताना घरात हशा व्हायचा, आईसकट. त्या दिवसांची आठवण मला बरी वाटते, आणि पगाराच्या रात्रीही मी विसरलेले नाही.

आता जे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर मांगेल्यांच्या वस्त्यांत देवीची साथ आली. आम्ही मांगेले, मासेमार. सातपाटी, मुरबे, नांदगाव, नवापूर, दांडी, घिवली, तारापूर अशी आमची गावं खाडीच्या आणि वाळूच्या कडेने डहाणूपर्यंत पसरलेली. साथ आली की देवीला शांत करायचं, ही रीत जुनीच. नैवेद्य, निंबाचा पाला, गाणी, कुणाच्या तरी अंगात येणं. पण या वेळी अंगात आलेली देवी नुसता नैवेद्य मागत नव्हती. ती म्हणाली, दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, अंग-घर स्वच्छ ठेवा. ज्यांचं पोटच मासळीवर त्या गावांनी काही काळ मासळी तोंडात घातली नाही. हे कुणा पुढाऱ्याने सांगितलेलं नव्हतं. गांधींचं नाव तेव्हा हवेत होतं, शहरांत दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं चालली होती, नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून मुंबईत दंगल पेटली तेव्हा दारूची दुकानंही फोडली गेली होती. पण किनाऱ्यावर हुकूम आला तो देवीचा, गावातल्याच माणसाच्या तोंडून.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या देवीचा माग काढला आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८७ साली निघालं. किनाऱ्यावरून देवी पूर्वेला डोंगरात गेली, घाट चढली, सुरगाणा, डांग करत १९२२च्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात उतरली. डांगात तिला सलाबाई म्हणू लागले. वाटेत ती बदलत गेली. गुजरातेतल्या चौधरी आदिवासींच्या गावांत हजारोंच्या सभा भरल्या. अंगात आलेले स्त्री-पुरुष हातात तांबडं कापड घेऊन घुमायचे आणि हुकूम सांगायचे: दारू-ताडी बंद, रोज आंघोळ, आणि पारशांकडे मजुरीला जायचं नाही, त्यांच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. पुढे पुढे देवी खादी आणि गांधींचंही नाव घेऊ लागली. ताडीची दुकानं ओस पडली. जानेवारी १९२३ मध्ये शेखपूरला परिषद झाली, वल्लभभाई पटेल आणि कस्तुरबा तिथे होते. सुरुवात आमच्या वाळूवर झाली आणि काँग्रेस तिला भेटली ती दूर गुजरातेत. पालघरच्या बायकांची नावं त्या परिषदेत कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

माझी आजी तेव्हा परकरातली पोर होती. तिच्या बोलण्यात वर्षं कधी सनावारी नसायची. "देवी बोलली त्या साली" असं ती म्हणायची. तिच्या आठवणीत शेजारची एक काकू होती, नवऱ्यापुढे डोक्यावरचा पदर न ढळवणारी. देवी अंगात आली त्या रात्री ती अंगणात केस मोकळे सोडून बसली आणि गावातल्या कर्त्या पुरुषांना नावानिशी पुकारू लागली. तू काल किती प्यायलास, कुणाला मारलंस, जाळ्याचं सूत घ्यायला ठेवलेले पैसे कुठे गेले. पुरुष हात जोडून उभे. आजी सांगायची की तिचा बापही त्यांत होता, आणि त्याने घरी येऊन ताडीची मडकी अंगणात पालथी घातली. काकूने एरवी हे तोंडातून काढलं असतं तर त्या रात्री मार खाल्ला असता. देवीच्या तोंडून तेच शब्द आले आणि गावाने ऐकले.

कुणी म्हणेल ही अंधश्रद्धा. देवीच्या साथीला लस हवी होती हे मी शाळेत शिकवत आले, आणि आजही तेच म्हणेन. पण त्या अंगणात जे झालं ते नुसतं आजारावरचं नव्हतं. आमच्याकडे पुरुष समुद्रातून मासळी आणतो आणि बाई ती विकते. टोपली तिच्या डोक्यावर, रोकड तिच्या कनवटीला. घरात पैसा येतो तिच्या हातून आणि जातो त्याच्या हातून गुत्त्यावर, हे तिला रोज दिसत होतं. तिच्यापाशी हिशेब होता, बोलायची जागा नव्हती. ती जागा देवीने दिली. ग्रिफिथच्या बापाला खुर्चीत बसून दुसऱ्याची गोष्ट पाहावी लागली तेव्हा कुठे उमज पडली. इथे गोष्ट त्याचीच होती, सांगणारी त्याच्या दारातली होती आणि ऐकायला सगळं गाव उभं होतं. एका घराचा बाप सुधारण्यावर हे थांबलं नाही. गावंच्या गावांनी दारू बंद केली आणि मक्तेदाराचं दुकान बसलं. अबकारी खात्याला त्याची नोंद घ्यावी लागली, कारण महसूल घटला.

यावर एकही मूकपट निघाला नाही. मुंबई रेल्वेने तीन-चार तासांवर होती, तिथे दरवर्षी डझनांनी मूकपट तयार होत होते. कॅमेरा सातपाटीपर्यंत आला असता तर काय दिसलं असतं याचा विचार मी पुष्कळदा करते. त्या काळच्या बाराशे-तेराशे भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, 'सावकारी पाश'ची मूळ प्रतही नाही. तेव्हा असता तरी उरला असताच असं नाही. पण गोष्ट उरायला हवी होती. नाटकात, कीर्तनात, निदान शाळेच्या पुस्तकात. बालगंधर्वांच्या सिंधूला जो अश्रूंचा आणि टाळ्यांचा पाऊस मिळाला त्यातला एक शिंतोडाही या काकूवर पडला नाही.

देवी फार दिवस टिकली नाही. साथ सरली, पावसाळा आला, होड्या वर ओढल्या गेल्या, आणि किनाऱ्यावर ताडी हळूहळू परत आली. गुजरातेतही काही गावं लवकर सैल पडली, काहींनी व्रत वर्षानुवर्षं धरलं. कायद्याने दारूबंदी राज्यभर आली ती १९५० साली, आणि तिच्याबरोबर खाडीकाठच्या चोरट्या भट्ट्याही. मग बोईसरला एमआयडीसी उभी राहिली, तारापूरला अणुवीज केंद्र आलं, पगाराची पाकिटं आली, नाक्यानाक्यावर बार आले. ताडाची झाडं वाड्यांबरोबर कमी झाली. आता गावातल्या बायकांना मतदान करून दुकान बंद करण्याचा हक्क आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आमच्या गटातल्या बायकांना त्याचे नियम मी समजावून सांगते तेव्हा त्या विचारतात ते सह्यांचं, दाखल्यांचं, अर्ज कुणी न्यायचा त्याचं.

आजीने स्वतः दारूला कधी हात लावला नाही, पण होळीला सकाळची गोड ताडी ती घ्यायची आणि आम्हा पोरांनाही वाटीभर द्यायची. देवीने सोडायला सांगितली होती ना, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "देवीनं ताडाला नाही सांगितलं. बापाला सांगितलं."